भागीदारांचं ताट

मुलांनो,

परवा पाठवलेल्या फोटोवरून तुमच्याकडे बराच तर्क झालेला दिसतो. आजोबा आपल्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये उकिडवे बसलेत, समोर जमिनीवर स्टीलचं ताट, ताटात पाणी, आणि आजोबा त्यात टक लावून बघताहेत. ईशानीला वाटलं, उन्हाळा आहे, पाखरांसाठी ठेवलं असेल. अर्णवला वाटलं, ग्रहण बघताहेत. तुमच्या बाबानं मात्र मला वेगळा फोन करून हळूच विचारलं, "आई, बाबांची तब्येत ठीक आहे ना?"

तब्येत ठीक आहे. पण ते ताट कशासाठी, हे मला एका वाक्यात सांगता येत नाही. मी अमरावतीच्या कॉलेजात इतकी वर्षं इंग्रजी शिकवलं आणि प्रत्येक वर्गाला बजावलं, की आधी मुद्दे काढा, मग लिहायला बसा. आज स्वतः मुद्दे काढायला बसले तर एकही मुद्दा दुसऱ्याच्या मागे नीट उभा राहीना. कारण ती सवय मुळात आजोबांची नाही. ती एका दुसऱ्या माणसाची आहे, आणि तो माणूस मला अजूनही कळलेला नाही. जसं आठवेल तसं लिहिते. तुमची आई वाचून दाखवेल.

आपल्या घरात त्यांना 'भागीदार' म्हणत. नाव होतं, चांगलं होतं, पण कुणी घेत नसे. वरूडजवळ आजोबांनी आणि त्यांनी मिळून कोल्ड स्टोरेज काढलं होतं. शेतकरी आपली संत्री आणून ठेवत, भाव आला की काढून नेत. आजोबा संत्री बघायचे आणि भागीदार डिझेल बघायचे. तिकडची वीज म्हणजे पाहुणीच, त्यामुळे दोन मोठे जनरेटर होते आणि त्यांच्यासाठी आवारात डिझेलची टाकी. ती भरायला टँकर यायचा. भागीदार राहायचे अकोल्याला, जठारपेठेत. त्यांचे स्वतःचे ट्रक होते, दुकानांचं भाडं होतं, कशाला काही कमी नव्हतं. पण टँकर येणार म्हटलं की ते सगळं सोडून जीप काढून वरूडला हजर व्हायचे.

नेहमी पांढरा, पूर्ण बाह्यांचा शर्ट. डिझेलच्या कामात त्या शर्टावर कधी थेंब उडालेला मी पाहिला नाही, आणि आमच्याकडे जेवले की वरणाचा डाग पडल्याशिवाय राहिला नाही. डिझेल त्यांना वचकून असायचं, वरण अजिबात नाही.

मे महिन्याच्या सुटीत मी वरूडला जाऊन राहायची. ऑफिसच्या ओसरीत खुर्ची टाकून मी पेपर तपासायची आणि समोर त्यांचा कार्यक्रम चालायचा. टँकर फाटकातून आत आला की सगळे टँकरकडे बघत, हे जमिनीकडे बघत. जीपमधून एक जाड काठाचं स्टीलचं ताट काढायचं, आतल्या बाजूला कोरलेल्या रेघेपर्यंत पाणी ओतायचं आणि टँकर जिथे उभा करायचा तिथे ठेवायचं. पाणी रेघेपासून एका बाजूला सरकलं की ताट उचलून दुसरीकडे. कधी कधी आवारभर ताट फिरायचं आणि मागे मागे ताटकळलेला टँकर.

"वैनी, टँकर एका बाजूनं कलला का काठी खोटं बोलते," ते मला सांगायचे. काठी म्हणजे टँकरमध्ये किती डिझेल आहे ते मोजायची खुणांची पितळी पट्टी. "काठीचा दोष नाही जी. थे बिचारी सरळच उभी राह्यते. आपून तिले वाकड्या जागी उभी करतो."

आजोबा एकदा म्हणाले, "अरे, मग एक चौथराच बांधून टाकू ना सिमेंटचा. कायमचं काम होईल."

भागीदारांनी आजोबांकडे असं पाहिलं, जसं काही आजोबांनी देवळातला देव विकायला काढला होता. "भाऊ, चौथरा बांधला तं चौथऱ्यावर भरोसा बसते. मंग ताट कोन काढते?"

यात काही अर्थ आहे की नाही, हे मी तेव्हाही ठरवू शकले नाही.

टँकर सपाट जागी उभा राहिला की इंजिन बंद. मग ड्रायव्हरला जेवायला बसवायचं. भाकरी, वांग्याची भाजी, कच्चा चिवडा, जे असेल ते, पण पोटभर. तेवढ्या वेळात आतलं हिंदकळलेलं डिझेल शांत व्हायचं आणि त्यात पाणी मिसळलेलं असेल तर ते तळाला बसायचं. इथपर्यंत मला समजत होतं. पण त्या वेळात कुणी मोठ्यानं बोललेलं त्यांना चालायचं नाही. ते ओठांवर बोट ठेवून म्हणायचे, "टँकर झोपला हाय."

मी एकदा चिडून विचारलं, "अहो, आम्ही बोललो तर पाणी वर येणार आहे का?"

"नाही येत, वैनी. पन बोललं का घाई होते. घाई झाली का मानूस फसते."

नंतर सीलं. प्रत्येक कप्प्याच्या झाकणाचं सील ते डोळे मिटून अंगठ्यानं चाचपायचे आणि मग डोळे उघडून चलानावरच्या नंबराशी ताडायचे. साठी उलटली तरी शिडी चढून टँकरवर स्वतः जायचे. काठीच्या टोकाला पाणी ओळखायची पेस्ट लावायचे, ती इतक्या नाजूक हातानं, की सवाष्णीला कुंकू लावावं. तळाला पाणी असलं की त्या पेस्टचा रंग बदलतो. वरून बाटलीभर डिझेल काढायचे आणि खालच्या नळातून दुसरी बाटली. "वरून तं सगळेच चांगले असतात," असं म्हणायचे आणि का कोण जाणे, आजोबांकडे बघून हसायचे. आजोबांना ते आवडत नसे.

शेवटी डेन्सिटी. काचेच्या उंच भांड्यात डिझेल घेऊन त्यात काचेची एक खुणांची नळी तरंगत सोडायची. जितकी बुडेल तितकं डिझेल हलकं. मला हा भाग आवडायचा, कारण माझ्या स्वभावाप्रमाणे मला वाटायचं की आता आकडा कागदाशी जुळेल. तो कधीच जुळायचा नाही. चलानावर लिहितात तो आकडा गार डिझेलचा. वऱ्हाडातल्या दुपारी डिझेल तापतं, फुगतं, हलकं होतं आणि आकडा खाली उतरतो. किती उन्हात किती उतरायला हवा, याचा छापील तक्ता असतो. भागीदारांना तो पाठ होता, पण ते दर वेळी चष्मा लावून बघायचे.

आता तुम्हाला वाटेल, हा माणूस मोठा संशयी असणार. तिथेच माझी गाडी अडते.

आमच्याकडे येणारं दूध पातळ असायचं. मी दूधवाल्याशी वाद घालायची. भागीदार तोच चहा मिटक्या मारत प्यायचे. "दूध म्हैस देते, वैनी. डिझेल मानूस देते." कौंडण्यपूरच्या यात्रेतून ते दर वर्षी काहीतरी आणायचे. गुडघेदुखी थांबवणारी तांब्याची अंगठी, विंचू जवळ न येऊ देणारी मुळी, एकदा तर स्मरणशक्ती वाढवणारं तेल, आणि ते कुठे ठेवलं हे विसरले. मी म्हणाले, "याची काही तपासणी केलीत का?" तर मलाच म्हणाले, "काहून? हे काय जनरेटरमधी घालाचं हाय?"

आणि ती लग्नाची गोष्ट. आजोबांच्या मोबाइलवर एकदा निरोप आला. थेट रिफायनरीतून टँकरच्या टँकर डिझेल, भाव बाजारापेक्षा बराच कमी, सोबत पत्रं, शिक्के, दाखले. फक्त आजच्या आज आगाऊ रक्कम भरून कोटा राखून ठेवायचा. आजोबा हुरळले. ते कागद त्यांनी माझ्याकडे आणले, कारण इंग्रजी. मी लाल पेन घेऊन वाचलं आणि पेन खाली ठेवलं. एक चूक नव्हती.

"भाषा अगदी शुद्ध आहे," मी म्हणाले.

भागीदार समोर चहा पीत होते. "झालं, इंग्रजी पास झालं. आता टाकी कुठं हाय थे सांगा."

पत्ता अकोल्याच्या बाहेरचा होता. आजोबा म्हणाले, "अरे, तोपर्यंत कोटा जाईल."

"जाऊ दे. आधी दर्शन, मंग दक्षिणा."

ते गेले. दोन दिवसांनी आमच्याकडे आले ते बुंदीच्या लाडवांचा डबा घेऊन. त्या पत्त्यावर मंगल कार्यालय होतं आणि आत लग्न चालू होतं.

"टाकी होती का?" आजोबांनी विचारलं.

"होती ना. पान्याची."

"मग तू काय केलंस?"

"काय कराचं? आहेर देला, जेवलो. लोकायच्या मांडवात हात हालवत कसं जाचं?"

आजोबांचे पैसे वाचले, हे खरं. पण त्या अनोळखी जोडप्याशी भागीदारांचा घरोबा झाला. त्यांच्या मुलीच्या बारशाला ते गेले. पुढे दिवाळीचा फराळ यायचा. ज्या माणसाला सिमेंटचा चौथरा भरवशाचा वाटत नव्हता, त्याला चुकीच्या पत्त्यावर सापडलेली माणसं आपली कशी वाटली, हे मी आजोबांना पुष्कळदा विचारलं. आजोबा म्हणत, "त्याचं डोकं डिझेलपुरतंच आहे."

आता ती गोष्ट, जिच्यामुळे हे सगळं लिहायला बसले.

मे महिना होता. मृग बहाराच्या संत्र्यांनी स्टोरेजच्या सगळ्या खोल्या भरल्या होत्या. शेतकऱ्यांनी वर्षाचा माल भाव येईल या आशेनं ठेवला होता. एका संध्याकाळी वादळ आलं आणि विजेचे खांब ओळीनं आडवे झाले. दुसऱ्या दिवशी कळलं, वीज लवकर येत नाही. जनरेटर धडधडत होते आणि टाकी झपाट्यानं उतरत होती. आमच्या नेहमीच्या विक्रेत्यानं सांगितलं, रस्त्यात झाडं पडलीत, टँकर उद्या संध्याकाळच्या आत येत नाही. पंपावर ड्रम भरून देईनात. आजोबांनी चारी दिशांना फोन केले, तेव्हा कुठूनसा एक दलाल मिळाला. त्याचा टँकर तासाभराच्या अंतरावरच होता.

मी त्या वेळी तिथेच होते. ऑफिसच्या ओसरीत पेपर घेऊन बसले होते, पण तपासले काही नाहीत. फाटकापाशी शेतकरी जमले होते. बाहेर ऊन असं, की लोखंडी फाटकाला कुणी हात लावत नव्हतं.

टँकर आला, मागोमाग सकाळीच अकोल्याहून निघालेल्या भागीदारांची जीपही आली. ताट निघालं, टँकर झोपला, ड्रायव्हर जेवला. फाटकावरची माणसं उन्हात बघत उभी. सीलं बरोबर. पेस्टचा रंग तसाच, म्हणजे पाणी नाही. वरची बाटली आणि खालची बाटली एकसारखी. भाव बाजाराचाच होता, स्वस्त नाही. आगाऊ काही मागितलं नव्हतं. भागीदार ज्या ज्या खुणांवरून लबाडी ओळखायचे, त्यातली एकही नव्हती. दलालाचा फोन मात्र सारखा वाजत होता. "अंकलजी, जल्दी खाली करवाइए, आगे पार्टी खड़ी है."

मग काचेची नळी डिझेलात सोडली. मी खुर्चीवरून उठून जवळ गेले. आकडा चलानाशी तंतोतंत जुळला.

"जुळलं!" आजोबा म्हणाले. खरं सांगते, मलाही हायसं वाटलं.

भागीदार तिथेच, ताटाशेजारी, जमिनीवर बसले. पांढऱ्या शर्टानिशी. "जुळलं ना भाऊ. तेच तं."

"तेच तं म्हणजे?"

"कागदावर गार डिझेलचा आकडा. हे तापून राहिलं. आकडा उतराले पायजे. सकाळी अंघोळ केलेला मानूस वऱ्हाडातल्या दुपारी तसाच राह्यते काय? याच्यात काहीतरी जड हाय. तापून इतकं, तं गार झाल्यावर किती राहील?"

ड्रायव्हर हात पुसत आला. "बाबूजी, भरने वाले ने गरम का ही लिख दिया होगा. मैं तो पढ़ा-लिखा भी नहीं."

"तसंही असू शकते," भागीदार म्हणाले.

आजोबांचा आवाज चढला. "मग घे ना! असू शकते म्हणतोस ना?"

"असू शकते म्हनलो. हाय नाही म्हनलो."

"टाकीत किती उरलंय, बघितलंस? दोन्ही जनरेटर संध्याकाळ बघत नाहीत!"

"हे जड तेल निघालं अन् दोनी जनरेटर जाम झाले, तं मंग तू विकत घेतलेलं चांगलं डिझेल कशात घालशीन?"

फाटकावरून एक शेतकरी आत आले. वयस्कर, डोक्याला उपरणं गुंडाळलेलं. त्यांची एक पूर्ण खोली होती आमच्याकडे. त्यांनी भागीदारांना हात जोडले नाहीत की आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले, "साहेब, तुमचं शास्त्र मोठं असन. पन संत्र्याले नाही समजत थे. त्याले गार पायजे."

तेवढ्यात एक जनरेटर बंद केला गेला, डिझेल पुरवायला. अर्ध्या खोल्यांचा गारवा थांबला. आवाज निम्मा झाला, आणि त्या शांततेची मला त्या दुपारी भीती वाटली.

भागीदार उठले. पँट झटकली नाही. त्या शेतकऱ्याला विचारलं, "दादा, तुमच्या घरी ट्रॅक्टर हाय?"

"हाय ना. फवारनीले कालच टाकी भरली."

"अन् यायच्या?" त्यांनी फाटकाकडे हात केला.

वरूडच्या भागात ट्रॅक्टर नाही असं संत्र्याचं घर शोधावं लागतं. थोड्याच वेळात पहिला ट्रॅक्टर आवारात आला, मग रांगच लागली. रबरी नळी लावून टाक्या उपसायच्या आणि कॅन भरून जनरेटरला न्यायचे. कुणाचं डिझेल कोणत्या पंपावरचं, कधीचं, कोण जाणे. आणि मुलांनो, इथे मला काही कळेनासं झालं. भागीदार स्वतः कॅन उचलून ओतत होते. जाळीतून गाळण्यापलीकडे काही नाही. ना ताट, ना पेस्ट, ना काचेची नळी. वासही घेतला नाही. त्यांच्या शर्टावर त्या दिवशी पहिल्यांदा डिझेलचे डाग पडले.

मी न राहवून जवळ गेले. "आणि हे नाही का तपासायचं?"

"याच्यात काय तपासाचं, वैनी?" ते कॅन तिरपा धरूनच म्हणाले. "ज्याचं संत्रं आत हाय, त्याचं डिझेल हाय हे."

दुसरा जनरेटर सुरू झाला. तो दलालाचा टँकर भरलेलाच परत गेला. जाताना भागीदारांनी ड्रायव्हरला त्याच्या येण्याजाण्याचे पैसे दिले आणि वर दोन डझन संत्री. आजोबांनी तिकडे पाठ केली.

दुसऱ्या दिवशी आमचा नेहमीचा टँकर आला, सगळ्यांचे ट्रॅक्टर भरून दिले गेले. माल बहुतेक वाचला. पण दुसरा जनरेटर बंद होता त्या वेळात एका खोलीतली वरची संत्री नरम पडली, आणि ती खोली नेमकी त्या उपरणंवाल्या शेतकऱ्याची होती. आजोबा म्हणाले, "टँकर वेळेवर उतरवला असता तर एक फळ गेलं नसतं." भागीदारांनी तो सगळा नरम माल चांगल्या मालाच्या भावानं विकत घेतला, ट्रकात भरून अकोल्याला नेला, आणि त्या उन्हाळ्यात जठारपेठेत त्यांच्याकडे गेलेल्या प्रत्येकाला संत्र्याचा रस प्यावा लागला. थोडा आंबूस लागायचा.

त्या दसऱ्याला भागीदारी संपली. भांडण झालं नाही. आजोबा फक्त म्हणाले, "मला असू शकते-वर धंदा करता येत नाही." भागीदार म्हणाले, "बराबर हाय भाऊ, तुले नाही जमनार." स्टोरेज आजोबांकडे राहिलं आणि पुढे आम्ही ते विकून टाकलं. गंमत म्हणजे भागीदार आमच्याकडे पहिल्यासारखेच येत राहिले, पहिल्यासारखाच पातळ चहा पीत राहिले, आणि आम्हीही त्यांना भागीदारच म्हणत राहिलो. दर भेटीत आजोबा एकदा तरी म्हणायचे, "ते डिझेल चांगलं होतं." आणि भागीदार बशीतला चहा फुंकत राहायचे.

त्यांचे शेवटचे दिवस मी पाहिले. जठारपेठेतल्या घरी पलंगावर पडून होते. आजोबा खाली औषधाच्या दुकानात गेले होते. मी एकटीच खोलीत होते, आणि इतकी वर्षं मनात असलेलं विचारून टाकलं. आजारी माणसाला हे विचारू नये, ते मला कळत होतं.

"खरं सांगा, ते डिझेल खोटं होतं ना?"

त्यांनी उशी सरकवून मान माझ्याकडे वळवली.

"माहीत नाही, वैनी."

"माहीत नाही? मग परत कसं पाठवलंत? एवढी माणसं फाटकावर उभी असताना?"

"खोटं हाय असं मी कवा म्हनलो? मले समजून नाही राहिलं, म्हनून परत पाठवलं." थोडं थांबून, धाप ओसरल्यावर म्हणाले, "समजलं असतं खोटं हाय म्हनून, तं सोपं होतं ना. भाऊले पन पटलं असतं."

"आणि ती नरम संत्री? ती का विकत घेतलीत? तुमची चूक झाली असं वाटलं म्हणून?"

"थे बी माहीत नाही," ते म्हणाले आणि हसले. "पन न समजल्याचा खर्च कोनी तरी द्याले पायजे ना जी. दादानं काहून द्याचा?"

तेवढ्यात आजोबा औषधं घेऊन आले आणि मी बोलणं औषधांच्या वेळांवर नेलं.

मी हे आजोबांना अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर ते म्हणतील, "बघ, त्यालाही माहीत नव्हतं!" आणि त्यांना आपण जिंकलो असं वाटेल. न सांगावं तर आपला मित्र खात्रीनं बोलत होता, असंच ते धरून चालतील. यातलं कोणतं बरं, हेही मला ठरवता आलेलं नाही.

भागीदार गेल्यावर त्यांच्या मुलानं ते ताट आमच्याकडे आणून दिलं. मी ते घासून मांडणीवर ठेवलं. जड आहे, रोजच्या जेवणाला सोयीचं नाही.

आता तो फोटो. आपल्या बिल्डिंगच्या जनरेटरला आता घरपोच डिझेल मिळतं. मोबाइलवर मागवायचं, छोटा टँकर येतो, त्याला आकडे दाखवणारं मीटर असतं, काठी नाही की काही नाही. आजोबा सोसायटीचे सेक्रेटरी आहेत. परवा सकाळी मी पोळ्या करत होते, तर मांडणीवरचं ताट दिसेना. गॅलरीतून खाली पाहिलं आणि तो फोटो काढला. फोटोत आलं नाही, पण टँकर फाटकाशी थांबलेला, ड्रायव्हर पायरीवर बसून आपल्याच घरचा चिवडा खातोय, आणि आजोबा ताटापुढे उकिडवे.

मी वरूनच हाक मारली, "अहो, त्याला मीटर आहे! आणि त्या वेळचं डिझेल चांगलं होतं ना? मग हे कशाला?"

"चांगलंच होतं ते," आजोबा मान वर न करता म्हणाले.

मग ताटातलं पाणी कोणत्या बाजूला सरकलंय ते त्यांनी वाकून पाहिलं आणि ड्रायव्हरला हात केला, "जेवून घे सावकाश. मग गाडी थोडी पुढे घे. आणि वरती बाईसाहेबांना सांग, मोठ्यानं बोलू नका."